माझ्या वेबपेजवर आयफ्रेममध्ये (पानात दुसरी फाइल दाखवणारी चौकट) लावलेली पीडीएफ काहींना पानातच दिसते, काहींकडे आपोआप डाउनलोड होते. सगळ्यांना पानातच कशी दाखवू?

आधी दोष कुठे आहे ते पाहा. पीडीएफची लिंक थेट नव्या टॅबमध्ये, दोन-तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर उघडा. सगळीकडे डाउनलोड होत असेल तर चूक सर्व्हरची. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये हेडर (सर्व्हर फाइलसोबत पाठवतो ती माहिती) बघा: कंटेंट-टाइप 'ॲप्लिकेशन/पीडीएफ' हवा, 'ऑक्टेट-स्ट्रीम' नको, कंटेंट-डिस्पोझिशन 'इनलाइन' हवं, 'अटॅचमेंट' नको. (डाउनलोड न होता नुसती रिकामी चौकट दिसत असेल तर एक्स-फ्रेम-ऑप्शन्स (चौकटीत दाखवायला मनाई करणारा हेडर) तपासा, आणि आयफ्रेमला सँडबॉक्स (चौकटीवर निर्बंध घालणारा गुणधर्म) लावला असेल तर काढून बघा, क्रोम त्यात पीडीएफ दाखवत नाही.)

पण तुमच्याकडे काहींनाच डाउनलोड होतं. म्हणजे बहुधा त्यांनी स्वतःच तसं ठरवलेलं आहे. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये 'पीडीएफ डॉक्युमेंट्स' आणि फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्लिकेशन्स' इथे हा पर्याय असतो. कुणाला मोठ्या अक्षरांसाठी किंवा स्क्रीन रीडरसाठी स्वतःचंच ॲप लागतं. हे सेटिंग वेबपेजवरून बदलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पीडीएफ.जेएस (पीडीएफ दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) साइटवर बसवून त्याला वळसा घालता येतो, पण निव्वळ तेवढ्यासाठी मी तो घालणार नाही.

त्याऐवजी आयफ्रेम एचटीएमएलमध्ये आधीपासून ठेवूच नका. तिथे साधी लिंक द्या: 'वार्षिक अहवाल, पीडीएफ, १२ पाने, ८०० केबी'. मग ब्राउझर स्वतः पीडीएफ दाखवतो का हे सांगणारी, नेव्हिगेटर या जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टची 'पीडीएफ-व्ह्यूअर-एनेबल्ड' ही प्रॉपर्टी तपासा (कोडमध्ये सलग, कॅमल केसमध्ये, म्हणजे पहिला शब्द लहान लिपीत, पुढच्या शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल). ती ट्रू असेल तरच लिंकखाली आयफ्रेम जोडा. फॉल्स असेल, किंवा जुन्या ब्राउझरमध्ये ती प्रॉपर्टीच नसेल, तर लिंक पुरेशी आहे. न विचारता फाइल उतरण्याचा प्रकार इथेच थांबतो.

आयफ्रेम जोडल्यावरही लिंक काढू नका. आयफोनच्या सफारीत चौकटीत अनेकदा पहिलंच पान दिसतं, पुढे सरकता येत नाही. ठरावीक पानावर न्यायचं असेल तर पत्त्याच्या शेवटी हॅश लावून 'पेज=५' लिहा (अक्षरं इंग्रजी, अंकही); क्रोम आणि फायरफॉक्स ते मानतात.

आणि मजकूर दोनच पानांची सूचना असेल तर पीडीएफचा खटाटोप कशाला? सरळ युनिकोडमध्ये पानावर टाका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मराठी पीडीएफमधून कॉपी केलं की अगम्य चिन्हं येतात, शोधही लागत नाही.