दाणे आहेत, पण पीठ कुठंय?

प्रश्न: ताई, आम्ही अमळनेरला राहतो, घरात चौघं, सासूबाईंना शुगर आहे. मिस्टरांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितला, २५ वर्षं टिकणाऱ्या जेवणाच्या बादल्या मिळतात म्हणे, नुसतं गरम पाणी टाकायचं. आता ते मागवायच्याच मागे लागलेत, आणि सासूबाई म्हणतात माझ्या कोठीत काय कमी आहे. अडीअडचणीला घरात खरंच काय आणि किती भरून ठेवावं?

उत्तर: माझं मत सासूबाईंना, पण अर्धंच. आधी बादल्यांचं बघू. ते टिकतं, पण थंड आणि कोरड्या जागी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पत्र्याखाली तर विचारूच नका, आणि उष्णता १० अंशांनी वाढली की टिकायची मुदत साधारण अर्ध्यावर येते असा ठोकताळा आहे. शिवाय गरम पाण्याला गॅस लागतोच की, आणि ती चव घरात कोण खाणार?

आता सासूबाईंची कोठी. न बघता सांगते, दादर (आपली रब्बीची ज्वारी), गहू, तूरडाळ, आणि आखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास केलेले पापड, बिबडे, कुरडया. सगळं सोन्यासारखं आहे, फक्त एक गोष्ट मला स्वतःला फजिती झाल्यावर कळली. काही वर्षांपूर्वी जूनच्या तोंडावर वादळ आलं, केळीच्या बागा आडव्या, विजेचे खांब पडले आणि गावात तीन दिवस लाइट नाही. आमच्याकडे दादरचे दोन कट्टे भरलेले आणि डब्यात पीठ दीड वाटी, कारण गिरणी बंद! आईचं जातं काढलं, पण त्याचा दगड टाकीने टाचून किती वर्षं झालेली, पीठ कसलं पडतंय, नुसता भरडा. मग त्याच्याच कण्या शिजवल्या. कुरडयांचा डबा होता, पण त्या तळायला तेल किती लागतं ते तुम्हाला माहितीये, आणि सिलिंडरही हलका झालेला.

म्हणून किती दिवस टिकतं याच्याइतकंच ते ताटात कसं येणार हेही बघा. चौघांना १५ दिवसांचं म्हणजे माणशी रोज ४०० ग्रॅम धरलं तर २४ किलो धान्य होतं, त्यातलं निम्मं तरी गिरणीशिवाय चालेल असं ठेवा, तांदूळ, दलिया, रवा, पोहे. डाळ ४-५ किलो, त्यात मूगडाळ जास्त, लवकर शिजते, गॅस वाचतो. तेल दोन-तीन लिटर. पीठ जास्त भरू नका, बाजरीचं तर काही दिवसांतच कडू होतं. आणि एक डबा बिनचुलीचा: फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे, गूळ (हा सासूबाईंसाठी नाही, त्यांना फुटाणे), पोहे तर नुसत्या पाण्यात भिजवले तरी चालतात. शेंगदाण्याला बुरशी दिसली की सरळ फेका, भाजून खायच्या भानगडीत पडू नका, ते विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

पाणी लोक विसरतातच. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा, म्हणजे चौघांना तीन दिवसांचं ४८ लिटर. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात पुराचं पाणी घरांत-दुकानांत शिरलं होतं, म्हणून नदीजवळ राहणाऱ्यांनी तो बिनचुलीचा डबा जमिनीवर नाही, वरच्या फळीवर ठेवायचा. सासूबाईंच्या गोळ्यांची जास्तीची स्ट्रिपही त्यातच टाका.

आणि हे सगळं वेगळं जपून ठेवायचं नाही हां, रोजच्यातच वापरायचं, जुनं पुढे, नवीन मागे.

प्रश्न: ताई, गव्हाला सोंडे लागतात. शेजारचे म्हणतात कोठीत सल्फासच्या गोळ्या टाका. टाकू का? (शिरपूर)

उत्तर: अजिबात नाही! हवेतल्या दमटपणानेच त्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्याच्यावर उतारा नाही, आणि आपण झोपतो त्याच घरात कोठी. ते काम बंद गोदामाचं, माहितगार माणसाचं. गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे, मग रात्रभर पूर्ण गार होऊ द्या, गरम भरला की आत घाम धरतो. कडुनिंबाचा पाला थरांत घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून, मागच्या वर्षी मी घाईत ओलसर घातला आणि वरचा अख्खा थर गुरांपुढेही टाकता आला नाही.