सातव्यात नको, पाचव्यात ये

इंग्लंडमधल्या लेस्टरहून आलेल्या पत्रातला मजकूर थोडक्यात असा. लग्नाला चार वर्षं, पहिलंच गरोदरपण, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १६ आठवडे पूर्ण. माहेर वेंगुर्ल्याचं. आईचा हट्ट, सातव्यात डोहाळजेवणाला ये आणि बाळंत होऊनच परत जा. नवऱ्याचा हट्ट, बाळ होईपर्यंत विमानात पाऊल टाकायचं नाही. 'ताई, मी दोघांच्या मध्ये सापडलेय. शिवाय मला मासे हवेत. इथली नर्स म्हणते आठवड्यातून दोनदाच, आई म्हणते रोज खा. ऐकू कुणाचं?'

माशांचं उत्तर सोपं आहे, त्याकडे येतेच. आधी सातव्या महिन्याचं बघू.

हिशेब कर. एप्रिलच्या सुरुवातीला १६ आठवडे, म्हणजे सातवा भरतो जूनअखेर-जुलैत. त्या वेळी आपलं वेंगुर्लं कसं असतं हे तुला मी सांगायला नको. पाऊस कोसळत असतो, वीज आज आहे तर उद्या नाही, विहिरीला बाहेरचं पाणी लागलेलं. मासे म्हणशील तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. म्हणजे ज्या ताज्या बांगड्यासाठी तू येणार, तो नाहीच. सुकट आणि सुके बोंबील, त्यांत मीठ किती ते तुझ्या जिभेला माहीत आहे.

मी किनारपट्टीवरच्या उपकेंद्रांत आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले. पावसाळ्यात मला भीती वाटायची ती दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीची. हिपॅटायटिस-ई इतरांना महिनाभर आडवं करून बरा होतो. गरोदर बाईचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरातल्या २० ते २५ बायकांपर्यंत दगावू शकतात. त्यात भातलावणीच्या चिखलातून होणारा लेप्टोचा ताप, डासांचा मलेरिया आणि डेंग्यू. रात्री पोटात दुखलं तर अवघड केस गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात हलवायची, तीही धो धो पावसात. गावातल्या बायका यातूनच निभावून नेतात, त्यांना दुसरा पर्याय नसतो. तुला आहे.

मग यायचंच नाही का? ये की. पण मे महिन्यात ये.

तिकडे विसाव्या आठवड्याच्या सुमाराला बाळाच्या अवयवांचा स्कॅन होतो. तो करून घे, त्याच वेळी डांग्या खोकल्याची लस मिळते तीही घे, आणि मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघ. तेव्हा तुला एकवीस-बावीस आठवडे झालेले असतील. उलट्या थांबलेल्या, पोट अजून आवाक्यात, बाळाची हालचाल कळायला लागलेली. आंबा आहे, ताजा मासा आहे, पाऊस अजून आलेला नाही. मेअखेर परत जा. कारण २४ ते २८ आठवड्यांत तुझी साखरेची चाचणी व्हायची आहे आणि ती मला चुकवायची नाही.

डोहाळजेवण सातव्यातच हवं असं आई म्हणेल. तिला विचार, पाचव्यात चोरओटी भरतातच ना आपल्याकडे? तीच जरा थाटात भरा. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, पाच सुवासिनी. देवाला चालतं, शेजारणींनाही चालतं. फोटो कुठल्या महिन्यातला ते कोण बघतंय!

नवऱ्याला सांग की धडधाकट गरोदर बाईला या महिन्यांत विमानप्रवास वर्ज्य नाही. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. तू त्याआधीच जाऊन येशील. भीती असते ती तासन् तास बसून पायात रक्ताची गुठळी होण्याची. म्हणून घट्ट मोजे, भरपूर पाणी, आणि मधल्या रस्त्याकडेची सीट, उठून फिरायला. तुझ्या मिडवाइफला विचारल्याशिवाय मात्र तिकीट काढू नकोस. रक्तस्राव झाला असेल, वार (प्लॅसेंटा) खाली असेल, जुळी असतील, तर माझा हा सगळा सल्ला बाद. प्रवासाचा विमा गरोदरपण धरून आहे का तेही बघ. मुंबईला उतरून रात्रभर हायवेने गाडीतून येऊ नकोस. मुंबईहून उत्तर गोव्यातल्या मोपाचं विमान घे, तिथून वेंगुर्लं साधारण तासाभरावर. किंवा रेल्वेने कुडाळ, खालचा बर्थ मिळाला तरच.

आता मासे. नर्सही बरोबर आणि आईही, दोघी बोलतायत वेगवेगळ्या माशांबद्दल. नर्सचं 'दोनदाच' हे तेलकट माशांपुरतं आहे. आपल्याकडे ते म्हणजे बांगडा, तारली, पेडवे. बाळाच्या मेंदूला लागणारं तेल त्यांत असतं, म्हणून खायचेच, पण आठवड्यातून दोनदा. पापलेट, बोंबील, मुडदुशे यांना तो नियम लागू नाही, आणि मुडदुशे तर आपल्याकडे आजाऱ्याला देतात इतके हलके. अजिबात नको ती मोरी. मोरी म्हणजे शार्क, तिच्यात पारा साठतो. मोठा मासा लहानाला खातो आणि सगळा पारा त्याच्या अंगात जमतो. सुरमईबद्दल मी जरा कडक आहे. तिची अटलांटिकमधली चुलतबहीण अमेरिकेतल्या 'टाळा' यादीत आहे. एखादा तुकडा खाल्लास म्हणून काही होणार नाही, पण रोजच्या ताटात नको. तिसऱ्या, कालवं, कुर्ल्या पूर्ण शिजलेल्या असतील तर चालतील.

मावशी-आत्या आणखी एक गोष्ट आग्रहाने वाढतील, ती कलेजी. रक्त वाढतं म्हणतात, आणि लोह त्यात असतंच. पण त्यात जीवनसत्त्व 'अ' इतकं असतं की गरोदरपणात ते बाळाला बाधू शकतं. तिकडचे डॉक्टर कलेजी टाळायलाच सांगतात, मीही तेच सांगते. रक्तासाठी गोळी आहे.

गोळीवरून आठवलं. एका वाडीत एक पोर होती, नवरा बोटीवर खलाशी. हिमोग्लोबिन ८. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की आम्ही रक्त कमी धरतो. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर साडेआठ. गोळ्या फेकते की काय असा मला संशय. एक दिवस सकाळी तिच्या ओटीवर जाऊन बसले. तिने माझ्यासमोर, अगदी शहाण्यासारखी, गोळी तोंडात टाकली आणि वर कपभर कोरा चहा प्यायली. रोज तसंच घेत होती बिचारी. चहा लोहाला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. त्या दिवसापासून गोळी रात्री, लिंबाच्या पाण्याबरोबर, चहाशी दोन तासांचं अंतर. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. रक्त चढलं. आम्ही बाईला गोळी दिली की वहीत बरोबरची खूण करायचो. ती कशाबरोबर घेते हे विचारायचा रकाना वहीत नव्हता.

तुला कदाचित लोहाच्या गोळ्या दिल्याच नसतील. त्यावरून आई तिकडच्या डॉक्टरांना नावं ठेवेल. भारतात सगळ्याच गरोदर बायकांना १८० दिवस लोह आणि फोलिक अॅसिड देतात, कारण इथे बहुतेकींना गरज असते. ब्रिटनमध्ये रक्त तपासून, कमी असेल तरच देतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. तू फक्त तुझा आकडा विचारून घे. तिकडे तो ११० असा लिहितात, आपल्याकडे ११. एकच आहे ते, आई घाबरायची! ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र सोडू नकोस. आपली सावळी कातडी आणि तिकडचं ऊन, दोघांचं जमत नाही. (ज्या अजून गरोदर नाहीत पण विचारात आहेत, त्यांनी ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड आधीपासूनच सुरू करावं. दिवस गेल्याचं कळेपर्यंत बाळाच्या पाठीचा कणा बनून गेलेला असतो.)

साखरेचं जरा सविस्तर सांगते, कारण तू मेमध्ये येणार आहेस. आपल्या दक्षिण आशियाई बायकांना गरोदरपणातला मधुमेह जास्त होतो, म्हणूनच तिकडे तुला ही चाचणी देऊ करतात. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी ७.८ किंवा जास्त आलं तर मधुमेह धरतात. आपल्याकडच्या भाषेत तो आकडा १४०. माझ्या वेळी असली चाचणी कुणी केली नाही. मी वैशाखात रोज सहा-सहा हापूस खात होते, सासूबाई कौतुकाने कापून देत होत्या. मुलगा झाला सव्वाचार किलोचा, खांदा अडकला, आणि मग कुणीतरी म्हणालं, अगं, साखर बघितली होती का?

म्हणून आंबा खा, पण एका वेळी अर्धा, आणि जेवणावर नाही. दुपारी मूठभर शेंगदाण्यांबरोबर. भात एक वाटी. दुसरी वाटी भाताऐवजी नाचणीची भाकरी, तिच्यात कॅल्शियमही भरपूर. कुळथाची पिठी, मुगागाठी, वालीची उसळ हे सगळं उत्तम. 'दोन जिवांची आसस, खा गो' म्हणत वाढणारा हात तुला अडवता येणार नाही, पण दुसरा जीव अजून पेरूएवढा आहे. ब्रिटनमधले डॉक्टर जास्तीच्या २०० कॅलरी सांगतात, त्याही शेवटच्या तीन महिन्यांत. एक जास्तीची भाकरी आणि थोडी डाळ, झालं. पपई पिकलेली असेल तर चालते, कच्ची नको. फणस 'उष्ण' म्हणून भांडण होईल. चार गरे खा आणि गप्प बस.

पाणी उकळूनच, मेमध्येही. रस्त्यावरचा बर्फ, उसाचा रस, गोळा, काही नाही. शहाळं समोर फोडून घे. कोकम सरबत घरचं, साखर बेताची. दुपारी अकरा ते चार घराबाहेर पडू नकोस; पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ सुरू होते, आणि ती अंगावर काढायची नसते.

येताना तुझ्या तपासण्यांचे कागद छापून आण. तिकडे सगळं मोबाइलमधल्या अॅपमध्ये असतं आणि इथे रेंज नसते. रक्तगट ठळक लिही. आल्या आल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून ठेव, म्हणजे अडीनडीला अनोळखी दारात उभं राहावं लागणार नाही. सोनोग्राफी झालीच तर मुलगा की मुलगी हे कुणालाही विचारू नकोस, गमतीतही नाही. तिकडे ते सांगतात; इथे १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, विचारणाऱ्याचासुद्धा.

घरात बीपीचं यंत्र आणून ठेवायला भावाला सांग. विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढू शकतं. जोराचं डोकं दुखलं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमकल्यासारखं झालं, चेहरा सुजला, तर लोक म्हणतील ऊन लागलं, नजर लागली, 'काय होना नाय'. मीठ-मिरची ओवाळायला दोन मिनिटं लागतात, ओवाळू दे. पण आकडा १४०/९० किंवा वर असेल तर ओवाळून झाल्या झाल्या दवाखाना. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप आला, तर यंत्राचीही वाट बघायची नाही. अँब्युलन्सचा नंबर १०८.

परतताना बॅगेत पुड्या येतील. गर्भपोषक चूर्ण, भस्म, कुणा वैद्याच्या काळ्या गोळ्या. त्या आणू नकोस. २०११-१२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं होतं, भारतातून आलेल्या आयुर्वेदिक औषधांमधून. पुडी प्रेमाने दिलेली असते म्हणून तिच्यातलं शिसं कमी होत नाही. नाचणीचं पीठ आण, कोकमं आण. साजूक तूप नको, दुधाचे पदार्थ तिकडे विमानतळावर काढून घेतात.

राहिलं बाळंतपण. ते लेस्टरलाच होऊ दे, आणि आईला तिकडे बोलव. व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांपर्यंत मिळतो, अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, तेव्हा लगेच करा. येईल तेव्हा तिला एकच अट घाल. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी नाही. आपल्या कौलारू घरात धूर निघून जायचा, बंद फ्लॅटमध्ये निखाऱ्याचा विषारी वायू साठतो, आणि त्याला वासही नसतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी.

आता खरी अडचण. तुझी तारीख येते सप्टेंबरच्या मध्यावर, आणि कोकणातली कुठली बाई गणपती सोडून विमानात बसेल? ऑगस्टमध्येच निघाली तर उत्तम. घरात आईची जाऊ असेल तर नैवेद्याचं ती बघेल, विचारून बघ. तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा की गौरींबरोबर जाणारा, ते तू लिहिलं नाहीस. दीड दिवसाचा असेल तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून ठेवा, आणि तारखेआधीच कळा आल्या तर थोडे दिवस नवऱ्याला मऊ भात करायला शिकव.