मेडलच्या कडेवरचं नाव आधी वाच

नौदलाच्या युद्धकालीन वस्तूंच्या प्रदर्शनात तू पहिल्यांदाच काम करणार आहेस, म्हणून हे सांगतो. पितळी वस्तू दिसली की पीतांबरी घेऊन घासायला बसू नकोस. वर्षानुवर्षांचा तो काळपटपणाही इतिहासच आहे आणि घासण्यात कोरलेली अक्षरं झिजतात. मेडल उचलताना कडा नीट बघ. तिथे बहुधा सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव असतं, ते घरच्यांनी दिलेल्या माहितीशी ताडून पाहा. १९७१च्या भारत-पाक युद्धाची मेडल्स असतील तर ‘पश्चिमी स्टार’ (पश्चिम आघाडीचं मेडल) की ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीचं), हे पाटीवर अचूक लिही. कराची बंदरावरच्या हल्ल्यांची मोहीम आणि ‘खुकरी’ ही युद्धनौका पश्चिमेकडची, ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मात्र बंगालच्या उपसागरात होती. पाहुणे हे हमखास विचारतात.

पत्रं आणि फोटो मूळ मांडूच नकोस, चांगल्या प्रती मांड. उजेडाने शाई उडते ती परत येत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात काचपेटीत ओलावा शोषणारं सिलिका जेल हवंच.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कुटुंबांना दे. ‘खुकरी’ ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. अशा घरातून टोपी किंवा पत्र आलं, तर पावती लगेच दे, परत करायची तारीख लिही आणि आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. पाटीचा मजकूर छापण्याआधी त्यांना वाचून दाखव. पुण्यातल्या घोरपडीचं युद्धस्मारक बघितलं नसशील, तर याच रविवारी जाऊन ये.