मायकल व्हिकला झालेली शिक्षा योग्य होती का? आणि तेच नाशिकमध्ये घडलं असतं तर?

प्रश्नात दोन प्रश्न आहेत. अमेरिकन फुटबॉलपटू मायकल व्हिकला कुत्र्यांच्या झुंजीपायी झालेली २३ महिन्यांची कैद योग्य होती का, हा एक. असाच प्रकार उद्या नाशिकमधल्या एखाद्या नावाजलेल्या खेळाडूने केला तर काय होईल, हा दुसरा.

शिक्षा कमी की जास्त हे बोलण्याआधी ती कोणत्या गुन्ह्याबद्दल झाली ते बघावं लागतं. बहुतेक चर्चा इथेच घसरतात. ‘कुत्री मारली म्हणून दोन वर्षं आत गेला’ असं सगळे सांगतात, पण कुत्री मारल्याचा स्वतंत्र गुन्हा व्हिकवर कधी सिद्धच झाला नाही.

एप्रिल २००७ मध्ये पोलीस व्हर्जिनियातल्या सरी काउंटीतल्या त्याच्या घरी गेले ते त्याच्या एका नातेवाइकावरच्या अमली पदार्थांच्या प्रकरणात. घराच्या मागे काळ्या रंगाने रंगवलेल्या शेड सापडल्या. जमिनीत गाडीचे अ‍ॅक्सल पुरून त्यांना जाड साखळ्यांनी कुत्री बांधलेली होती. पळवायला ट्रेडमिल होत्या, चावा सुटत नसेल तर जबड्यात घालून उचकटायच्या काठ्या होत्या. हा सगळा धंद्याचा सरंजाम, आणि खटलाही धंद्याचाच झाला. बेकायदा धंद्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणं आणि झुंजीत कुत्रं उतरवणं, याचा कट केल्याचा तो केंद्रीय आरोप होता. त्यात जास्तीत जास्त पाच वर्षं होती. ऑगस्ट २००७ मध्ये व्हिकने गुन्हा कबूल केला. नीट न लढणारी सहा ते आठ कुत्री फास लावून, पाण्यात बुडवून मारली गेली आणि त्यात आपलाही हात होता, हे त्या कबुलीत आलं. पण ते कटाचा भाग म्हणून. व्हर्जिनिया राज्याच्या खटल्यात नोव्हेंबर २००८ मध्ये झुंजीचा आरोप त्याने मान्य केला, क्रूरतेचा आरोप तडजोडीत सोडून दिला गेला आणि तीन वर्षांची शिक्षा स्थगित ठेवली गेली.

आता २३ महिने. सरकारी वकिलांची शिफारस १२ ते १८ महिन्यांची होती. न्यायाधीशांनी १० डिसेंबर २००७ रोजी त्याहून जास्त दिली, कारण व्हिकने जबाबदारी पूर्ण स्वीकारलेली नाही असं त्यांचं मत पडलं. आपला हात किती होता याबद्दल तो आधी खोटं बोलला होता आणि जामिनावर असताना गांजाच्या तपासणीतही सापडला होता. साथीदारांपैकी दोघांना १८ आणि २१ महिने झाले. ‘स्टार म्हणून बळी दिला’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. पैसा व्हिकचा, जागा व्हिकची, वर खोटं बोलणं. त्याचा फरक दोन ते पाच महिने. मला यात नावामुळे शिक्षा वाढल्याचं दिसत नाही, कमी झाल्याचंही नाही. त्या आरोपाच्या मापाने शिक्षा ठीक होती. प्रत्यक्षात तो साधारण १८ महिने तुरुंगात आणि शेवटचे दोन महिने घरी नजरकैदेत होता.

खेळाडू म्हणून गमावलं ते वेगळं. १३ कोटी डॉलरचा दहा वर्षांचा करार गेला, दोन मोसम बुडाले, जुलै २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. ही कोर्टाची शिक्षा नव्हे, त्यामुळे ती न्यायाच्या तागडीत टाकू नये असं माझं मत. २००९ मध्ये तो फिलाडेल्फियाकडून परत खेळला, २०१० मध्ये पुनरागमनाचा पुरस्कारही मिळाला. अनेकांना राग येतो तो याचा, पण शिक्षा भोगून झालेल्या माणसाला काम करू द्यायचं नाही असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नसतं.

या खटल्यातला सगळ्यात कामाचा भाग कैदेचा नाहीच. कोर्टाने व्हिककडून सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर कुत्र्यांच्या सांभाळासाठी भरून घेतले. जप्त झालेली पिटबुल साधारण ५० होती, म्हणजे डोईमागे १८-१९ हजार डॉलर. त्याआधी झुंजीतून सोडवलेली कुत्री सरसकट मारून टाकायची पद्धत होती, कारण ‘ती कधी सुधारत नाहीत’. इथे प्रत्येक कुत्र्याची वेगळी तपासणी झाली. अनोळखी माणूस जवळ आल्यावर काय करतं, खाताना भांडं ओढलं तर काय करतं, दुसरं कुत्रं समोर आणल्यावर काय करतं. स्वभाव हिंसक म्हणून मारावं लागलेलं कुत्रं निघालं एक. २२ युटातल्या एका आश्रयस्थानात गेली, बाकीची वेगवेगळ्या संस्थांकडे आणि पुढे बरीचशी घरांत.

इंग्लंडचं उदाहरण लोक लगेच काढतात म्हणून एवढंच : फुटबॉलपटू कर्ट झूमाने मांजराला लाथ मारल्याचा व्हिडिओ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि १ जूनला शिक्षा झाली. १८० तास समाजसेवा आणि पाच वर्षं मांजर पाळायला बंदी. चार महिन्यांत निकाल, हे लक्षात ठेवा.

आता नाशिक. समजा सिन्नरकडच्या एखाद्या फार्महाऊसवर हेच सगळं सापडलं.

पहिला कायदा प्राण्यांशी होणारी क्रूरता रोखण्याचा, १९६० चा. कलम ११ मध्ये मारहाण, उपाशी ठेवणं, झुंजीला चिथावणं, झुंजीसाठी जागा चालवणं, निर्दयपणे ठार मारणं, सगळं येतं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. होय, रुपये. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सीबीएसच्या, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या, चौकात गाडी चुकीची लावली तरी याहून जास्त जातात.

म्हणून सगळे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ कडे धावतात. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, जायबंदी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून जनावराच्या किमतीची जुनी १० आणि ५० रुपयांची अट गेली, हे चांगलं झालं. पण हा गुन्हा ‘आगळीक’ या प्रकरणात आहे आणि आगळिकीला कोणाचं तरी बेकायदा नुकसान करायचा हेतू किंवा जाणीव लागते. शेजाऱ्याचा बैल मारला तर हे कलम चपखल बसतं. व्हिकने मारली ती स्वतःची कुत्री. बचावाचा वकील पहिल्याच तारखेला विचारणार, ‘नुकसान कोणाचं?’ म्हणजे ज्या कृत्याने तिकडे जग हादरलं, ते इथे घसरत घसरत पुन्हा ५० रुपयांच्या दंडावर येऊन थांबायची भीती खरी आहे.

मग करायचं काय? झुंजीच्या प्रकरणात फिर्याद देताना १९६० च्या कायद्यातल्या कलम ११(१) चे पोटकलम (एन), म्हणजे झुंजीची जागा चालवणं, आणि (एल), म्हणजे क्रूरपणे ठार मारणं, ही नावानिशी लिहून द्या. ही दोन्ही दखलपात्र आहेत. नुसतं ‘प्राण्यांना मारहाण’ लिहिलं की ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंदवून एनसीची प्रत हातात देतो, आणि मग मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपासच होत नाही. पैज लागत असेल तर जुगाराचंही कलम लावायला सांगा. व्हिकवरच्या आरोपातला बेकायदा धंदाही पैजांचाच होता.

दुसरी अडचण मुदतीची. १९६० च्या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो, नाहीतर तो बाद. तीन महिने फार वाटतात, पण त्यातला महिना ‘हद्द शहर आयुक्तालयाची की ग्रामीणची’ यातच जातो. ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांकडे द्या आणि पोच घ्या. तिथूनही हललं नाही तर कोर्टात अर्ज.

पुरावा बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत बिघडतो, तोही चांगल्या हेतूच्या माणसांकडून. मेलेलं कुत्रं कोणीतरी दयेने पुरून टाकतं. पुरू नका. बर्फात ठेवा, पण डीप फ्रीजरमध्ये नको. गोठलं की ऊती फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. शवविच्छेदन सरकारी पशुवैद्यकाकडूनच, आणि पोलिसांच्या पत्रावर. विषाचा संशय असेल तर पोटातला ऐवज, यकृत, मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणात जातात. फॉर्मेलिनमध्ये घातले की विषाची तपासणी बिघडते. हे नमुने नाशिकच्याच न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात, त्यामुळे लांब पाठवण्याचं कारण पुढे करू देऊ नका. जिवंत कुत्र्यांच्या जखमांचा नकाशा काढून घ्या, डावं-उजवं लिहून. झुंजीच्या कुत्र्याचे व्रण थोबाडावर, डोक्यावर आणि पुढच्या पायांवर दाटीने असतात आणि वेगवेगळ्या वयाचे असतात, काही पांढरे पडलेले, काही अजून गुलाबी. ‘रस्त्यावर भांडली होती’ या बचावाला याच्याइतकं चोख उत्तर नाही. व्हिडिओ असेल तर ज्या मोबाइलवर काढला त्यातली मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या प्रतीत तारीख-वेळ राहत नाही आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र कोणी द्यायचं हाच वाद होतो.

जाता जाता : दिवाळी पाडव्याला नाशिकमध्ये गवळी समाज रेडे सजवून मिरवतो, त्यात गुन्हा नाही. मैदानात दोन हेले, म्हणजे रेडेच, टकरीसाठी सोडले की तो गुन्हा. बैलगाडा शर्यत महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुरुस्तीमुळे नियमांत राहून चालते आणि १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. पण नियम मोडून बैलाचे हाल केले तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे एकाच जिल्ह्यात शर्यतीच्या बैलाला ५ लाखांचं संरक्षण आणि झुंजीच्या कुत्र्याला ५० रुपयांचं.

व्हिकच्या खटल्यातून इथे उचलण्यासारखं आहे ते पैशाचं, आणि त्याची सोय आपल्या कायद्यात आधीपासून आहे. १९६० च्या कायद्यातल्या कलम ३५ खाली जप्त जनावराच्या ने-आणीचा, चाऱ्याचा, उपचाराचा खर्च मालकाकडून घेता येतो आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. जप्त जनावरांबद्दलच्या केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार खटला चालेपर्यंत जनावर पांजरापोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवता येतं. गायी-बैलांना चुंचाळ्याची पांजरापोळ आहे. झुंजीच्या कुत्र्यांना मात्र एकेकट्या पिंजऱ्यांची जागा लागते, दोन एकत्र ठेवली तर सकाळी एकच उरतं. ती जागा आधी शोधा, तिचं संमतीपत्र घ्या, मग धाड घालायला सांगा. उलटं केलं की कुत्री ‘तात्पुरती’ मालकाच्याच ताब्यात दिली जातात.

आणि त्याच कायद्यातल्या कलम २९ चा अर्ज सरकारी वकिलाकडे पहिल्या तारखेआधी द्या. दोषी ठरलेल्याकडून जनावर काढून घेणं आणि त्याला पुढे जनावर पाळायला मनाई करणं, दोन्ही त्यात कोर्टाला करता येतं, फक्त पुन्हा हाल होतील असं दाखवावं लागतं. आरोपी बहुधा पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतो, ५० रुपये भरतो आणि बाहेर पडतो. तेव्हा हा अर्ज फाइलमध्ये नसेल, तर संध्याकाळपर्यंत त्याने कुत्री परत मागितलेली असतात.