मुरमाची खाण कोणी फुकटात भरून देत असेल तर…

औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांतून आलेले तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

पहिला प्रश्न असा: ‘गटात मुरमाची जुनी खाण आहे. ठेकेदार कारखान्याचा गाळ टाकून ती फुकट भरून देतो म्हणतो. वर दोन फूट काळी माती ओढली की पीक घेता येईल का?’

नाही. ठेकेदार ओळखीतला असला तरी नाही. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाणी शुद्धीकरणातून निघणारा गाळ २०१६च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे. तो हलवायचा तर गाडीबरोबर ‘नमुना १०’, म्हणजे माल कुठून कुठे आणि किती चाललाय याची कागदोपत्री नोंद, लागतो आणि माल तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या मंजूर ठिकाणीच उतरवावा लागतो. तिथे खड्ड्याच्या तळाशी चिकणमातीचे आणि जाड प्लास्टिकचे थर असतात, झिरपलेलं पाणी गोळा करून शुद्ध केलं जातं. या सगळ्याचे पैसे कारखान्याला वजनावर मोजावे लागतात. तुमची खाण फुकटात का भरली जातेय, ते यातच आलं. ठेकेदाराकडे नमुना १० मागून बघा, बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

खाणीत मुरूम काढून झालेला असतो, खाली भेगाळलेला खडक उरतो. पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट विहिरीत उतरतं, आणि विहीर तुमचीच असेल असं नाही, खालच्या अंगाच्या शेजाऱ्याची असू शकते. फवारणीची बरीचशी औषधं ऊन आणि जिवाणूंमुळे हळूहळू विघटित होतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम मात्र धातू आहेत, ते कुजत नाहीत. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत शिसं बरंचसं धरून ठेवलं जातं, पण क्रोमियमचं विषारी रूप अशाच विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत पाण्याबरोबर जास्त सरकतं. पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम पानात ओढून घेतात आणि भाजी दिसायला हिरवीगार असते.

काही जण मृदा आरोग्य पत्रिका दाखवून ‘जमीन चांगली आहे’ म्हणतात. त्या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं मिळून बारा तपासण्या असतात. कॅडमियम, शिसं, क्रोमियम त्यात नाहीत. ती तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

गाळ आधीच पडला असेल तर त्यात ट्रॅक्टर घालू नका, माती ओढून झाकूही नका, पुरावा आणि विष दोन्ही खाली जातात. फोटो काढा, गाडीचा नंबर लिहून ठेवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला आणि तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नमुना पंचनाम्यासहच घ्यायला सांगा. तोवर ढिगावर ताडपत्री टाका, वरच्या बाजूने येणारं पाणी चर काढून वळवा, आणि खालच्या विहिरीचं पाणी माणसांना, जनावरांना देऊ नका. गट तुमच्या नावावर आहे, चौकशी आधी तुमच्या दारात येते, तेव्हा पहिला अर्ज तुमचा असलेला बरा.

दुसरा प्रश्न औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचा. फवारणीचं द्रावण करतानाच बाटली निथळा, पाव बाटली पाणी घालून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. औषध वाळल्यावर मग धुणं कठीण. नंतर बुडाला भोक पाडा, म्हणजे त्यात कोणी तेल-रॉकेल भरणार नाही. बाटल्या जाळू नका. १९७१च्या कीटकनाशक नियमांत त्या फोडून वस्तीपासून लांब पुरायला सांगितलं आहे, पण आधी विक्रेत्याकडे परत घेण्याची सोय आहे का ते विचारा. प्लास्टिक गोळा करण्याची जबाबदारी आता उत्पादकावर आहे. सोय गावोगावी पोहोचलेली नाही, हे मान्य. पुरायचंच झालं तर विहीर, बोअर आणि ओढ्यापासून दूर.

तिसरा प्रश्न: घरात फोरेट या दाणेदार कीटकनाशकाची जुनी पिशवी निघाली, काय करू? फोरेटची विक्री आणि वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. ‘संपवून टाकू’ म्हणून उसात टाकू नका, पुरू नका, ओढ्यात सोडू नका. हातमोजे घालून पिशवी लेबलासह दुसऱ्या जाड पिशवीत बंद करा, धान्य-चाऱ्यापासून लांब कुलपात ठेवा. नाव, वजन आणि मुदत लिहून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. मुदत संपलेल्या इतर औषधांनाही हेच लागू.