प्रार्थना ‘म्हणणे’ आणि ‘करणे’

प्रश्न एका आईचा आहे. त्या देव मानत नाहीत. मुलीला परिपाठातल्या प्रार्थनेतून सूट मागितली, तेव्हा ‘नुसती म्हणायची तर आहे, मानायला कोण सांगतंय?’ असे उत्तर मिळाले. ‘म्हणणे’ आणि ‘करणे’ यांत खरेच एवढा फरक आहे का?

आहे. पाढे म्हणतात, कविता म्हणतात. तिथे पाठांतर पुरते. ‘करणे’ आले की मन गृहीत धरले जाते. म्हणून आजाऱ्यासाठी आपण प्रार्थना ‘करतो’, ‘म्हणत’ नाही. पण शाळेत प्रार्थनेआधी ‘हात जोडा, डोळे मिटा’ असे सांगतात. पाढ्यांना कोणी हात जोडायला लावत नाही. क्रियापद ‘म्हणणे’चे आणि कृती ‘करणे’ची, म्हणून मला ते उत्तर पळवाट वाटते.

शब्दाची घडणही तेच सांगते. प्रार्थनेतला ‘अर्थ्’ म्हणजे मागणे, विद्यार्थ्यातला तोच. मागायचे तर देणारा हवा. शपथ ‘शप्’ धातूची, म्हणजे शापाची सख्खी बहीण: खोटे बोललो तर माझे वाईट होवो. प्रतिज्ञेला मात्र ना दाता लागतो ना साक्षीदार. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानाच्या पाच अवयवांतला पहिला प्रतिज्ञा, म्हणजे जे सिद्ध करायचे ते विधान. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतही ईश्वराला स्मरून शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, असे दोन्ही पर्याय आहेत. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिलेल्या ‘भारत माझा देश आहे’ या प्रतिज्ञेत देव कुठेच नाही. ही मुलगी ती मनापासून म्हणू शकते.

राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी, पण न गाणारी केरळातली तीन मुले शाळेतून काढली गेली होती. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ती मुले श्रद्धाळू होती, श्रद्धेपोटीच गप्प होती. पण गप्प राहण्याचा तो हक्क नास्तिकाच्याही कामाचा आहे. पुढे २०१३ साली, प्रार्थनेला हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती चुकीची ठरवली.

म्हणून शाळेला द्यायच्या पत्रात ‘प्रार्थना म्हणणार नाही’ असे लिहू नका. वाद पुन्हा क्रियापदावर येईल. ‘प्रार्थनेत भाग घेणार नाही’ असे लिहा. घटनेच्या कलम २८ मध्येही पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात ‘भाग घेण्याची’ सक्ती नको, अशीच भाषा आहे, आणि उपासनेला तर नुसते हजर राहण्याचीही.