मुरबाडच्या प्लॉटवर मॉड्युलर घर पावसाळ्याआधी उभं राहील का? परवानगी लागते का?

दिवाळीनंतर लगेच काम सुरू केलंत तर असं कारखान्यात भाग बनवून प्लॉटवर जोडलेलं घर मेअखेर आरामात उभं राहील, पण परवानगी लागतेच, विक्रेता कितीही म्हणो की ‘हे उचलून नेता येतं, काही लागत नाही’. कायम राहायचं घर म्हणजे बांधकामच, मग ते आरसीसी असो की स्टीलचं. जमीन बिनशेती आहे का ते तहसीलमध्ये तपासा, मग नकाशा मंजूर करून घ्या. हे झाल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका, कळकळीने सांगतो. ठाणे जिल्ह्यात अशा घरांचा पाया आणि क्रेनचं काम मी बघतो. वेळ वाचतो तो दोन कामं एकदम चालतात म्हणून: इकडे पाया नि सेप्टिक टँक, तिकडे कारखान्यात सांगाडा, भिंती, वायरिंग, नळ. मग ट्रेलरवरून भाग येतात, क्रेनने पायावर बसवून बोल्ट करतात, सांधे सील करतात. साइटवर पाणी, वाळू, मजूर सगळंच कमी लागतं. ऑर्डरआधी एवढं बघा:

- शेवटचा रस्ता. ४० फुटी भाग म्हणजे १२ मीटरचा, तो गावातल्या वळणावर वळायला हवा आणि वरच्या विजेच्या तारा आड यायला नकोत.
- छप्पर. सपाट नको, उतरतं आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील असं घ्या. इथल्या पावसात गळती सांध्यातूनच सुरू होते.
- सांगाडा. तो गॅल्वनाइज्ड स्टीलचाच घ्या, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेल्या स्टीलचा.

गृहकर्ज काढणार असाल तर मात्र बँकेला आधीच विचारा, अशा घरांना सगळ्याच बँका सहज कर्ज देत नाहीत.